वऱ्हाडे यांचे नाव शक्यतो बरोबर लिहावे

वऱ्हाडेकाकांच्या हौदात पाणी पडलं नाही, याच्याशी माझा काहीही संबंध नाही, असं मी सुरुवातीला छातीठोकपणे सांगत होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाने पुराव्याशिवाय काही कबूल करू नये. पुढे पुरावा मिळाला, आणि तो मीच शोधून काढला, ही या सगळ्या प्रकरणातली त्यातल्या त्यात अभिमानाची गोष्ट. कॉलनीत ती अजून कोणी मान्य केलेली नाही.

होटगी रोडवरच्या आमच्या कॉलनीत पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ही तक्रार नव्हे. सोलापुरात कोणी 'पाणी आलं का?' असं विचारलं तर ते बहुतेक वेळा 'नमस्कार' या अर्थी असतं. आलेलं पाणी पाळीपाळीने घ्यायचं. पाणी सोडणारा धुळाप्पा गल्लीतला एकेका घराचा कॉक फिरवतो, आणि तेवढ्या वेळात त्या घराने आपल्या हौदाचा नळ सोडून पाणी भरून घ्यायचं. आधी कोण आणि नंतर कोण, यावरून दर पाण्याला भांडण. माझे वडील, म्हणजे अप्पा, पाणी समितीचे सचिव असल्यामुळे ही भांडणं आमच्या ओट्यावर येऊन मिटत. खरं तर तिथूनच सुरू होत.

नोकरीच्या मुलाखतींची उत्तरं यायची होती. हातात वेळ होता. मी म्हटलं, "अप्पा, मी एक छोटा प्रोग्राम लिहिते. पाळी कॉम्प्युटर ठरवेल. ज्याची पाळी त्याला मेसेज, आणि धुळाप्पाच्या फोनवर नाव. वशिला नाही, भांडण नाही."

"छोटाच ना?" अप्पांनी चष्म्यावरून बघत विचारलं. शाळेत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढल्यामुळे 'छोटा' या शब्दाबद्दल त्यांना उपजत भीती आहे.

हे काम घरक्रमांकावर करणं शहाणपणाचं झालं असतं. पण बिल्डरने दिलेले क्रमांक वेगळे, नंतर मिळालेले वेगळे, आणि आपल्या घराचा क्रमांक एक आहे असं मानणारी आमच्याकडे तीन घरं आहेत. त्यांपैकी एक चेअरमन सिद्रामप्पांचं. म्हणून नावांवर करायचं ठरलं. समितीकडे सभासदांची नावं होतीच. शेजारच्या नूरबी चाचींच्या मुलाने, शाकीरभाईंनी, ती आपल्या टायपिंग-फ्लेक्सच्या दुकानात पूर्वी टाइप करून दिली होती. दुसरीकडे प्रत्येकाने आपल्या फोनवरून आपलं नाव मला पाठवायचं. प्रोग्राम दोन्हीकडची नावं जुळवणार. जुळलं तर पाळी. नाही जुळलं तर तो मनुष्य कॉलनीबाहेरचा समजून सोडून द्यायचा. मला ही युक्ती फार निर्दोष वाटली होती.

धुळाप्पाला मी बजावलं, "फोनवर नाव असेल तरच कॉक फिरवायचा. ओळख-बिळख काही बघायची नाही."

"लई बेस," धुळाप्पा म्हणाला. "डोस्क्याचा ताप गेला."

पहिलं पाणी इतकं शांतपणे पार पडलं की आईने मला न विचारता दुसरा चहा दिला. तो अर्धा झाला असेल, तेवढ्यात फाटक वाजलं. वऱ्हाडेकाका उभे होते. हातात बादली होती, आणि पुरावा म्हणून ती पालथी धरली होती.

धोंडीराम वऱ्हाडे हे अप्पांचे सगळ्यात जुने मित्र. दोघे रोज पहाटे बरोबर फिरायला जात आणि परत येताना भांडत. काका होटगीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. सिग्नल हिरवा दिसला म्हणून तो हिरवा आहे असं धरून चालायचं नाही, हे त्या नोकरीने त्यांच्यात इतकं मुरवलं होतं की मंडईत ते नारळ वाजवून घेत, आणि वाजवलेला नारळ पुन्हा दुसऱ्या दुकानात नेऊन वाजवत.

"रेवणसिद्ध," काका म्हणाले. एरवी ते अप्पांना पूर्ण नावाने कधीच हाक मारत नसत. "माझं नाव कुनी काढलं?"

"कुठून काढलं?"

"पान्यातनं. धुळाप्पा माझ्या दारावरनं सरळ फुडं गेला की. म्हनतो, तुमी फोनवर न्हाय. मी म्हनलं, अरं, फोनवर न्हाय पर हितं उभा हाय, दिसतोय का? तर म्हनतो, दिसून उपेग न्हाय."

मी लॅपटॉप उघडला. समितीच्या नावांमध्ये धोंडीराम वऱ्हाडे होते. फोनवरून आलेल्या नावांमध्येही धोंडीराम वऱ्हाडे होते. मी दोन्ही त्यांच्यापुढे धरली. "बघा काका, तुमचं नाव दोन्हीकडे आहे."

काकांनी खिशातून चष्मा काढला, नावं वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"हाय खरं," ते हळूच म्हणाले. "म्हंजी नाव ठिवलं आन पानी काढलं. ह्येला डोकं लागतंय." मग अप्पांकडे बघून, "मागल्या मीटिंगला तुज्या नव्या गेटाला मी विरोध केला. त्येचं उट्टं हे."

"धोंडीराम, मी असा माणूस आहे का?"

"आजपतूर न्हवता. आता तुज्या घरात प्रोग्राम आलाय." बादली सरळ करून ते म्हणाले, "घरात बाळंतीण हाय. नातीचं बारसं तोंडावर आलंय, करमाळ्याकडनं व्याही, पावणे, सगळे यायचे. हौदात पालीला प्यायला थेंब न्हाय. आन तू मला नाव दाखीव."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघेही नेहमीच्या वेळी फिरायला निघाले. एक रस्त्याच्या या कडेने, दुसरा त्या कडेने. वेग सारखाच. घरी आल्यावर अप्पा मला म्हणाले, "श्री. वऱ्हाडे यांच्या तक्रारीचं काय ते लवकर बघ." त्या 'श्री.'मुळे आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

मी बघायला लागले. संशयाचं शास्त्र असं की तो आधी दुसऱ्यावर घ्यायचा. मला वाटलं, काकांनी नाव पाठवताना पुढेमागे जागा सोडली असेल. नव्हती. मी त्यांचं नाव पुसून माझ्या फोनवरून स्वतः टाइप केलं. जुळेना. दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत छापली, कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरले. त्या नावाची रेघ न् रेघ एकमेकांवर बसत होती. खालून वराडे सर जात होते. ते निवृत्त गणित-शिक्षक आहेत आणि गच्चीवर गुलाब लावतात. ते थांबून बघू लागले, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीत झालं की सचिवांची मुलगी वऱ्हाडेंच्या सह्या गिरवते.

मग मी शाकीरभाईंकडे गेले. म्हटलं, टाइप करताना काही गडबड तर नाही झाली?

"मॅडम," शाकीरभाई फ्लेक्सवरची नजर न हटवता म्हणाले, "सोलापुरातल्या अर्ध्या लग्नाच्या पत्रिका ह्या बोटांनी टाइप केल्यात. आजपर्यंत कुठल्या वराचं लग्न चुकीच्या वधूशी झालं नाही. तुमचा कॉम्प्युटरच संशयी आहे."

नूरबी चाची आतून म्हणाल्या, "नाम को नजर लगी होंगी, बेटी. लिंबू बांध."

"कशाला बांधू, चाची? लॅपटॉपला?"

"बांध के तो देख. शाकीर के प्रिंटर को बांधी मैं, तबसे कागद नहीं अटकता."

माझ्या शिक्षणाचा अपमान होत होता, पण मी प्रिंटरकडे बघितलं. लिंबू होतं. कागदही अडकत नव्हता.

लिंबाऐवजी मी प्रोग्राम सैल केला. नाव तंतोतंत जुळलं नाही तरी चालेल, साधारण सारखं असलं की पाळी द्यायची, असा बदल केला. ही सुधारणा मला त्या वेळी उदार वाटली होती. उदार माणसं हिशेबात चुकतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पाण्याला प्रोग्रामने वऱ्हाडे या आडनावाशी साधारण सारखं आडनाव समितीच्या यादीत वरून खाली शोधलं. जे पहिलं सापडलं, ते त्याने घेतलं: वराडे.

सरांना दोन मेसेज गेले. धुळाप्पाने सरांचा कॉक एकदा फिरवला, बंद केला, फोन बघितला, आणि पुन्हा फिरवला. हौद भरला, टाकी भरली, गच्चीवरचे गुलाब न्हाऊन निघाले, आणि उरलेलं पाणी पन्हाळीतून गल्लीत, गल्लीतून उतारावर, थेट वऱ्हाडेकाकांच्या कोरड्या दारापर्यंत गेलं.

काका त्या ओघळाच्या उगमाचा शोध घेत आमच्याकडे आले. सरांनाही त्यांनी दंडाला धरून आणलं होतं.

"इचारा ह्यास्नी! गुलाबाला दोनदा पानी, आन माझ्या बाळंतिणीला थेंब न्हाय!"

"मला दोन मेसेज आले," सर अवघडून म्हणाले. "मला वाटलं, भल्या माणसाला देव दुप्पट देतो."

"देव देतो का सचिव देतो?"

अप्पा काही बोलणार, एवढ्यात काकांची नजर आमच्या टेबलावर गेली. तिथे फुलदाणीत सरांच्या गच्चीवरचे गुलाब होते. सरांनी ते आईला सकाळीच दिले होते, आणि ते अजून टवटवीत होते, हे फार वाईट झालं. काका गुलाबांकडे बघत राहिले. मग सरांकडे. मग अप्पांकडे. मग ते निघून गेले.

अप्पांनी त्या दिवशी जेवताना भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. "बारशाला बोलावणार नाही तो," एवढंच म्हणाले.

आता माझ्या बुद्धिमत्तेचा प्रश्न मागे पडला होता. नाव डोळ्यांनी बघून काही कळत नाही, तर डोळे बाजूला ठेवावेत, असा विचार करून मी कॉम्प्युटरला विचारलं: या नावात अक्षरखुणा किती? फोनवरच्या वऱ्हाडेत सात. शाकीरभाईंच्या वऱ्हाडेत आठ.

दिसायला जुळी, आणि एकाच्या पोटात एक खूण जास्त! प्रयोगशाळेतही मला कधी इतका आनंद झाला नव्हता. मी ओरडले. आईला वाटलं, नोकरीचं उत्तर आलं.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटर अक्षरं बघत नाही, आकडे बघतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे जगासाठी युनिकोड नावाचं प्रमाण ठरवतं. आता वऱ्हाडे या नावात ह च्या आधी जो र आडवा पडलेला असतो, मिशीच्या टोकासारखा, तो आपला मराठीचा लाडका र आहे. तऱ्हा, दुसऱ्या, सुऱ्या यांत तोच. तो कसा लिहावा याबद्दल त्या प्रमाणातला एक नियम सांगतो की खाली टिंब असलेला ऱ घ्या आणि त्याचा पाय मोडा. फोनने तेच केलं होतं. त्याच्याच शेपटाला आणखी एक नियम आहे. तो म्हणतो की जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून, साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारा जोडक ठेवला, तरी तोच आकार काढावा. शाकीरभाईंच्या टायपिंगने हे केलं होतं.

काढावा. आकार कसा काढावा, एवढंच. ही दोन नावं एकच मानावीत की दोन, याबद्दल तिथे चकार शब्द नव्हता. मी ते कलम इतक्या वेळा वाचलं की मला त्यामागे कोणाचा तरी हात दिसू लागला. दोन्ही चालतं असं सांगायचं, आणि दोन्ही सारखं का ते सांगायचं नाही, हे सहज होत नाही.

समितीची मीटिंग सिद्रामप्पांच्या पडवीत भरली. बारसं आणि पुढचं पाणी एकाच दिवशी येणार होतं, म्हणून घाई होती. काका अप्पांकडे पाठ येईल अशा बेताने खुर्ची फिरवून बसले. मी फळ्यावर सगळं समजावलं. शेवटी म्हटलं, "थोडक्यात, समितीकडच्या नावात एक न दिसणारं अक्षर आहे."

"येनरी, काय हो हे," सिद्रामप्पा म्हणाले. "दिसत नाही म्हणता, आणि आहे म्हणता. हे देवाचं चालतं. अक्षराचं कसं चालंल?"

"लबाडीचंबी चालतं," काका भिंतीकडे बघून म्हणाले.

सर म्हणाले, "रफार देऊन टाका आणि विषय संपवा."

काका ताडकन उठले. "माझ्या बापानं जन्मात डोक्यावर रफार घेतला न्हाय! आमचा र मधल्या अंगाला हाय, थितंच ऱ्हाईल." मग माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पोरी, एक सांग. सात का आठ? माझं खरं नाव कुठलं?"

मी खरं ते सांगितलं. "काका, प्रमाणात दोन्ही चालतं असं आहे. खरं कुठलं ते नाही लिहिलेलं."

"म्हंजी आजपतूर मी ज्या ज्या जागी नाव लिवलं, थितं मी सात हाय का आठ, मलाच ठावं न्हाय?" ते खाली बसले. रुळावर दोन गाड्या समोरासमोर दिसाव्यात तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. तोपर्यंत मला फक्त बरोबर असल्यासारखं वाटत होतं.

अप्पांनी ठराव लिहायला घेतला. 'श्री. वऱ्हाडे यांचे नाव बरोबर लिहावे.' सरांनी हरकत घेतली: दोन्ही बरोबर असतील तर 'बरोबर' म्हणजे कुठलं? अर्धा तास चर्चा झाली. सिद्रामप्पांना जेवायला हाक आली, तेव्हा ते म्हणाले, "'शक्यतो' घाला. म्हणजे कुणी अडकत नाही." सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. 'श्री. वऱ्हाडे यांचे नाव शक्यतो बरोबर लिहावे' असा ठराव बहुमताने मंजूर झाला, आणि ते आंतरराष्ट्रीय प्रमाण कसं लिहिलं गेलं असेल, हे मला त्या पडवीत स्वच्छ दिसलं. तिथेही कोणाला तरी जेवायला हाक आली असणार.

विरोधी मत एकच होतं. "शक्यतो म्हंजी काय?" काका म्हणाले. "सिग्नलात असं लिवलं असतं की गाडी शक्यतो थांबवावी, तर आज हितं कोन बसलं असतं?"

प्रोग्रामची दुरुस्ती मी त्याच दुपारी केली. सातचं नाव आणि आठचं नाव एकच समज, असं त्याला सांगितलं. त्याने निमूटपणे ऐकलं. कॉलनीत ऐकणारा तोच एक.

बारशाच्या दिवशी सकाळी पाणी आलं. वऱ्हाडेकाकांच्या दारात मांडव होता, करमाळ्याचे व्याही तोंड धुवायला तांब्या शोधत होते, आणि काकू, म्हणजे मथुराबाई, रिकाम्या घागरी ओळीने मांडून बसल्या होत्या. काकांच्या फोनवर मेसेज वाजला. धुळाप्पाने आपला फोन बघितला, "आलं नाव!" म्हणून ओरडला आणि कॉक फिरवला. काकांनी फक्त आतला नळ सोडायचा होता.

काकांनी नळ सोडला नाही. ते मेसेज वाचत उभे राहिले.

मी धावत गेले. "काका, तुमचंच पाणी आहे. सोडा ना!"

"कशावरनं माझं? हे सातवाल्याला आलंय का आठवाल्याला?"

"दोघांना. दोघे तुम्हीच आहात."

"आज सोडतो, आन उद्या तुमीच म्हननार, धोंडीरामानं दुसऱ्याचं पानी घेतलं. बारशादिवशी, व्याह्यांम्होरं, चोरीचा आळ न्हाय घ्यायचा मला."

"अहो, सोडा की!" काकू कळवळून म्हणाल्या. "पोरीला काय कोरड्या पाळन्यात घालू?"

मी लॅपटॉप उघडून त्यांना दुरुस्तीची ओळ दाखवली. ती इंग्रजीत होती. त्यांनी ती बघितली आणि नळावरचा हात मागे घेतला.

"टायम संपत आला," धुळाप्पा कॉकवर हात ठेवून म्हणाला. "फोन म्हनला की मी फिरवनार. मॅडमनंच सांगितलंय, ओळख बघायची न्हाय."

मी वळून बघितलं. अप्पा आमच्या ओट्यावर उभे होते, हात पाठीमागे बांधून, पहिल्यापासून. ते पायऱ्या उतरले. अंगात बनियन होता, पायात चप्पल नव्हती. शाळा सोडली तरी प्रमाण मराठी न सोडलेले माझे वडील गल्लीच्या मधोमध आले आणि त्यांनी असा आवाज काढला की मांडवातले व्याही तांब्यासकट बाहेर आले.

"ए धोंड्याऽऽ! पानी सोडलंय तुजं! नळ उघड की, मुडद्या!"

काकांनी मान वर केली. अप्पांकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मग फोन खिशात टाकला आणि खाली वाकून नळ सोडला. कोरड्या हौदाच्या तळाला पाणी आपटल्याचा आवाज आला, आणि काकूंनी पहिली घागर उचलली.

"मग आदी सांगायचं की," काका तसेच वाकून म्हणाले.

"आधी सांगतच होतो."

"तू न्हाय सांगितलंस. फोननं सांगितलं." ते कंबर धरून उभे राहिले. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. "आन येवढ्यानं वरडायचं? उठवलंस की नातीला. आता संध्याकाळी येऊन तूच झोपीव. वैनीस्नी घिऊन ये."

अप्पांनी मान हलवली. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. चप्पल नसल्याचं त्यांना आत्ता दिसलं.

काकांची नजर माझ्यावर आली, आणि माझ्या हातातल्या लॅपटॉपवर थांबली.

"हिलाबी आन," ते म्हणाले. "पर ते घरी ठिवायला सांग. शक्यतो न्हाय. ठिवायलाच सांग."